रंग वगळून उरलेले पक्षी : स्पर्श-संचाच्या कामाच्या नोंदी, नागपूर

३ एप्रिल २०२५

काम असं आहे: शहरातल्या एका अंध मुलांच्या शाळेसाठी भारतातल्या पक्ष्यांचा हाताळता येईल असा संच तयार करायचा. मुदत नोव्हेंबरातल्या पक्षी सप्ताहापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर. कामाला माणसं तीन. मी शिवणकाम करते आणि सुट्टीच्या सकाळी दुर्बीण घेऊन अंबाझरी-गोरेवाड्याला हिंडते. माझ्या भाच्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. तिसऱ्या म्हणजे त्या शाळेतल्या बाई, त्या जन्मापासून दृष्टिहीन आहेत. शेवटचा शब्द बाईंचा, हे आजच ठरलं.

शाळेच्या वाचनालयात पक्ष्यांचं एक मोठं रंगीत पोस्टर टांगलेलं आहे, कुणीतरी लॅमिनेट करून दिलेलं. मुलांच्या हाताला ते फक्त गुळगुळीत लागतं.

देशात पक्ष्यांच्या तेराशेहून जास्त जातींची नोंद आहे. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी जमवून २०२३ साली जो अहवाल निघाला, त्यातही ९४२ जातींचीच स्थिती तपासता आली. आम्हाला त्यातून पंचवीसेक निवडायच्या आहेत. बाईंनी निवडीचा एकच नियम घालून दिला: "शेजारच्या पक्ष्यापेक्षा हा वेगळा आहे, हे हाताला नाहीतर कानाला कळलं पाहिजे. याचं पोट पिवळं आणि त्याचं केशरी, एवढाच फरक असेल तर घेऊ नका."

माझी निम्मी यादी तिथेच कापली गेली. निखार गेला, हळद्या गेला, माशीमारांची रांगच्या रांग गेली. नवरंग फक्त शिट्टीपुरता उरला. आणि एरवी ज्यांच्याकडे मी दुर्बीणही वळवत नाही ते पाणथळीतले करड्या-तपकिरी पाणपक्षी चोचींच्या जोरावर सरळ आत आले.

पाच पेट्या ठरल्या: वजन, पंख, चोच, घरटं, आवाज. हिमालय, थरचं वाळवंट, सह्याद्री, अंदमान-निकोबार, ईशान्य भारत आणि आपला विदर्भ, प्रत्येकाचा निदान एक तरी प्रतिनिधी असावा एवढं बघायचं.

११ एप्रिल

वजनाची पेटी आधी घेतली, कारण ती माझ्या हातची. पक्ष्याच्या खऱ्या मापाचं कापडी अंग, आत पोटाशी रेतीची थैली, भोवती कापूस. कापड गांधीबागेतून आणलं, रेती कन्हानची.

घेतलेली वजनं: फुलटोच्या पाच-सहा ग्रॅम (देशातल्या सगळ्यांत लहान पक्ष्यांपैकी, लांबी ८ सेंमी), चिमणी २५ ग्रॅम, अमूर ससाणा १५० ग्रॅम, पट्टकादंब हंस अडीच किलो, मोर पाच किलो, सारस सात किलो. माळढोकाचा नर १५ किलोपर्यंत भरतो. आम्ही बारा धरले, कारण उचलणारी मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत.

परीक्षा संपायच्या आत एकदा मुलांच्या हाती देऊन पाहिलं. चिमणी हातात घेऊन पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, याच्यात भराचं विसरल्या जी तुमी." तिला काट्यावर मोजून दाखवली. मग तिने फुलटोच्या मागितला. तो दिल्यावर मी तिच्या तळहातावर खरंच काही ठेवलंय की नाही, हे तिने दुसऱ्या हाताने चाचपून बघितलं.

तिच्यामुळे एक गोष्ट वाढवली. पेटीत आता छोटा तराजू आणि पाच रुपयांची नाणी ठेवलीत. फुलटोच्यासमोर एक नाणं पुरतं.

२६ एप्रिल

वजनं उतरली! बारा किलोचा माळढोक पाऊण किलोने हलका, सारसही कमी. वाटलं शिवणीतून रेती गळाली, पण कापड कोरडं, स्वच्छ. कारण साधं होतं. कन्हानची रेती ओलसरच मिळते, आणि नागपूरच्या एप्रिलात बंद खोलीतसुद्धा ती सुकते.

सगळी अंगं उसवली. रेती दोन दिवस गच्चीवर पसरली, रात्री ताडपत्रीखाली. मग चाळून, मोजून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पुन्हा शिवली. पाच ते दीडशे ग्रॅमच्या पक्ष्यांमध्ये रेती नीट बसत नाही, एका कोपऱ्यात गोळा होते. त्यांच्यासाठी इतवारीतून सायकलच्या बेअरिंगचे छर्रे आणले. घरातली ज्वारी वापरायचा विचार होता, पण पावसाळ्यात तिला टोके लागतील म्हणून सोडून दिला.

गेलेला वेळ: जवळजवळ आठवडा. खर्च: छर्रे २४० रुपये.

१४ मे

शाळेला सुट्ट्या. उन्हाळा चालू.

चोचींचं काम चितारओळीतल्या एका मूर्तिकाराकडे दिलंय. कागदाचा लगदा, आत तार, वर खळ. गणपतींचं काम सुरू असताना त्याने आमचं घेतलं, हेच पुष्कळ.

मापांत घोळ निघाला. पुस्तकांमध्ये चोचीची लांबी कुठे कवटीपासून मोजलेली असते, तर कुठे कपाळावरची पिसं संपतात तिथून. मी दोन पुस्तकांतली मापं एकाच कागदावर उतरवून दिली, त्यामुळे राखी धनेशाची चोच चांगली बोटभर आखूड आली. हा पक्षी नागपूरच्या वडा-पिंपळांवर रोज दिसतो, म्हणून चूक लगेच लक्षात आली. हीच गफलत हिमालयातल्या एखाद्या पक्ष्याची झाली असती तर तशीच पेटीत गेली असती. आता प्रत्येक मापापुढे 'क' किंवा 'पि' लिहिते. पडताळा म्हणून अजब बंगल्यात जाऊन आले. १८६३ सालचं संग्रहालय, काचेआड पेंढा भरलेले पक्षी. हात लावता येत नाही, पण डोक्याच्या तुलनेत चोच केवढी हे डोळ्याला कळतं.

तयार झालेल्या चोची भाच्याने गरम गोंदाच्या बंदुकीने लाकडी ठोकळ्यांवर चिकटवल्या आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत ठेवल्या. चार दिवसांनी निम्म्या चोची खाली. गोंद मऊ होऊन अख्खा सुटलेला, दोऱ्यासारखा ओढला जात होता. विदर्भात उन्हाळ्यात गरम गोंदाचं काम करूच नये. आता ठोकळ्याला भोक पाडून चोचीतली तार आरपार घेतो, मागून पिळतो आणि दोन भाग कालवून करायची पुटी भरतो. सुकायला रात्र लागते, पण मुलाने चोच धरून ठोकळा उचलला तरी सुटत नाही. तेवढा दणका सोसायलाच हवा, कारण मुलं तसंच उचलणार.

३० मे

आवाजाची पेटी. जवळचे पक्षी आपण स्वतः रेकॉर्ड करायचे, लांबचे परवानगीच्या अटी बघून घ्यायचे, असं ठरलंय.

सेमिनरी हिल्सवर पहाटे साडेचारपासून. मे महिन्यात नागपुरात कोणताही पक्षी रेकॉर्ड करा, मागे कोकीळ असतोच. तांबटाच्या मागे कोकीळ, टिटवीच्या मागे कोकीळ, पिंगळ्याच्या मागेसुद्धा कोकीळ. कोकीळ तेवढा अगदी स्वच्छ मिळाला, अर्थात.

पावशाचा तुकडा बरा वाटला म्हणून भाच्याने तोच तीनदा जोडून लांब केला. बाईंना ऐकवला. त्या म्हणाल्या, "दर वेळी हा ओरडला की मागून तीच गाडी जाते. गेअर बदलते आणि जाते." आम्हा दोघांना ती गाडी ऐकूच आली नव्हती. सगळे जोडलेले तुकडे फेकले. आता जेवढं मिळालं तेवढंच, एकदाच.

नवरंग यायला लागलेत. गोरेवाड्याच्या बाजूला आज शिट्टी ऐकली, पण वारा फार होता.

१९ जून

काल सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वनखात्याच्या नोकरीत राहून जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा करणारा माणूस. त्यांचा ५ नोव्हेंबरचा आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबरचा, असे दोन वाढदिवस जोडून महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह होतो. दिवसभर काम झालं नाही.

संध्याकाळी बाईंचा फोन. ब्रेलच्या पट्ट्यांवर नावं कुठली घालायची यावर आमचं अडलं होतं. पुस्तकी नाव घालावं की गावाकडचं? बाईंनी वाद मिटवला: मुलाच्या आजीला कळेल ते आधी, पुस्तकातलं त्याखाली.

पट्ट्यांबद्दल, पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून: जाड कागदावरचे ब्रेलचे ठिपके घामेजल्या बोटांनी महिन्याभरात बसतात. बाईंच्या सांगण्यावरून जुन्या एक्स-रे फिल्म धुऊन, कापून वापरल्या. पाटी आणि टोच्यानेच लिहिता येतं, फक्त जोर जास्त लागतो. कडा मात्र कानशीने गोल करा, नाहीतर बोटं कापतात. खर्च शून्य, ओळखीच्या एका दवाखान्यातून रद्दी मिळाली.

८ जुलै

सारस. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यांत उंच, १८० सेंमीपर्यंत. महाराष्ट्रात तो आता गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलाय, चंद्रपुरात नावापुरता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतलेली आहे. इतका आपल्या शेजारचा पक्षी नुसती वजनाची पिशवी म्हणून देणं जिवावर आलं, म्हणून पूर्ण उंचीचा सांगाडा बुरडाकडून बांबूचा करून घेतला. १,४०० रुपये.

पहिल्याच दिवशी तो तोंडावर आपटला. पाय खऱ्या मापाने बारीक, वर सात किलो. आता पाय लोखंडी सळईचे करून खाली शहाबादी फरशीत बसवलेत. वजनाची पिशवी वेगळी आहेच, म्हणून सांगाडा पोकळ ठेवला.

शाळा सुरू झालीय. चौथीतल्या मुलाने पायापासून वर चाचपत नेलं. गुडघ्यापाशी "हे पाय आहे?", पोटापाशी "अजून आहे?" आणि मानेच्या मध्यावर त्याचा हात पुरेना. खुर्ची मागितली.

जाता जाता: पंखांच्या पेटीत पसरलेल्या पंखांच्या मापाच्या पट्ट्या आहेत, त्यांना सुतळी वापरू नका, पावसात आखडते. खाटेची नवार घ्या, ताणत नाही. अमूर ससाण्याची पट्टी दीड हात, पट्टकादंबाची दीड मीटर, सारसाची सव्वादोन, हिमालयी गिधाडाची पावणेतीन. गिधाडाची धरायला दोन मुलं लागतात.

२७ जुलै

या कामातला सगळ्यांत मजेचा भाग. घरट्यांच्या पेटीत निकोबारचा मेगापोड घ्यायचाच, असा माझा हट्ट होता. कोंबडीएवढा पक्षी, फक्त निकोबार बेटांवर सापडतो. तो अंडी उबवत नाही. किनाऱ्याजवळ रेती, माती आणि पाल्यापाचोळ्याचा मोठा ढीग रचतो, अंडी त्यात पुरतो आणि पाला कुजताना जी ऊब सुटते तिच्यावर पिल्लू तयार होतं. बाहेर पडलेलं पिल्लू लगेच स्वतःचं स्वतः बघतं, आईबाप सांभाळत नाहीत. २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरचे असे पुष्कळ ढीग वाहून गेले.

पेटीत मावणारं हे घरटंच नाही. म्हणून शाळेच्या मागच्या कुंपणाशी ढीग रचला. आवारातला कडुनिंबाचा आणि सप्तपर्णीचा वाळका पाला, थोडी रेती, माती. मुलांनीच टोपल्या वाहिल्या. आत प्लास्टरची अंडी पुरली.

आठवडा झाला तरी ढीग थंडगार. मुलं रोज हात घालून बघत आणि रोज मला येऊन सांगत. "काकू, पिल्लू मेलं असन आता." आठवीतला एक शेतकऱ्याचा मुलगा शेवटी वैतागला: "नुसता वाळला पाला तापते का कधी? शेण टाका, हिरवं टाका." मला कंपोस्टचं एवढंही सुचलं नव्हतं. ढीग उकरला. गोरक्षणातून घमेलंभर शेण, मैदानावरचं ओलं गवत, पाणी शिंपडून पुन्हा रचला. तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात घातला की आत चक्क गरम! एवढा गरम की अंडी जरा वर घ्यावी लागली. मुलांनी तापमापक मागितला, बोलणारा मिळाला नाही, तेव्हा हातावरच भागवलं: "कोमट", "अंघोळीचं पाणी", "चहा" अशा तीन पायऱ्या त्यांनीच पाडल्या. नर मेगापोडही ढिगावर माती ओढतो, काढतो, असं मी सांगितलं तर म्हणाले, मग आम्हीपण करतो. आता रोज मधल्या सुट्टीत दोन मुलं 'ड्यूटी'वर असतात.

पावसाच्या सरीने ढीग खचतो, पुन्हा रचावा लागतो. शिपाईदादांची कुरकुर चालू आहे, त्यांचंही बरोबर आहे. वास येतो.

सुगरणीचं घरटं करायला नारळाचा काथ्या घेतला होता. तो फार राठ, आकार धरत नाही. शिंदीच्या पानांचे झाडू बांधणाऱ्या एका आजींना घरट्याचा फोटो दाखवला. त्यांनी पान नखाने चिरून बारीक पट्ट्या काढल्या आणि दोन दुपारी बसून लांब नळीसकट विणून दिलं. दोन घेतली: एक पूर्ण, एक अर्धवट. मादी अर्धं झालेलं घरटं तपासून पसंत करते, म्हणून अर्धवट हवंच. आतून नर ओल्या मातीचे गोळे लावतो, तेही लावले.

खरं घरटं का नाही? रस्त्याकडेला पडलेली कितीतरी मिळतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यप्राण्यांच्या अवशेषांत पिसं, अंडी, घरटी हे सगळंच मोजलेलं आहे. शाळेच्या नावावर ती भानगड नको. पिसं कोंबडीची आणि बदकाची वापरली, चिकनवाल्याकडून आणून गरम पाण्यात साबण घालून धुतली.

२४ ऑगस्ट

काल तान्हा पोळा. मारबती आणि बडग्यांच्या मिरवणुकीच्या गर्दीत महाल भागात शिरायचा वेडेपणा केला नाही. आज चोचींचा शेवटचा ढीग चितारओळीतून आणला. परवा-तेरवावर गणपती, मूर्तिकाराला श्वास घ्यायला सवड नाही. घरी येऊन पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला.

पाणचिऱ्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब असते. चंबळसारख्या मोठ्या नद्यांवर तो पाण्याला लागून उडतो, खालची चोच पाण्यात बुडवून पृष्ठभाग कापत जातो आणि मासा लागला की वरची मिटतो. आमच्या पेटीतल्या पाणचिऱ्याच्या दोन्ही चोची सारख्या! मूर्तिकाराला वाटलं साच्यात चूक झालीय, त्याने खालची घासून 'सरळ करून' दिली. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीत मधे फट राहते, गोगलगायी धरायला. ती त्याने लगद्याने बुजवली. फोन केला तर म्हणतो, "ताई, चोच लागतच नव्हती नं नीट. म्या म्हटलं, आता लेकराच्या हातात देणार, चांगली करून द्यावी." माणूस रात्री एकपर्यंत जागून आपलं काम नीटनेटकं करत होता, त्याला काय बोलणार?

रोहिताची (फ्लेमिंगोची) चोच मधेच मोडल्यासारखी वाकडी, उचाट्याची वर वळलेली. त्या दोन मात्र त्याने जशाच्या तशा केल्या. त्या वाकड्या असतात हे त्याला चित्रात स्पष्ट दिसलं होतं. धडा: नुसतं माप देऊ नका, त्या चोचीने पक्षी काय करतो तेही कारागिराला सांगा. पुढच्या खेपेला मी प्रत्येक चोचीबरोबर खाद्य दिलं, गोगलगायीचा शंख, कमळाचं बी, एक सुकी मासोळी. मुग्धबलाकाची फट भाच्याने कानशीने पुन्हा उघडली. पाणचिऱ्याची नवी करायची, गणपती झाल्यावर.

चोचींचा खर्च आतापर्यंत ३,८०० रुपये.

१३ सप्टेंबर

आवाजाची पेटी जोडली. मेमरी कार्डावरून एमपी३ वाजवणारं छोटं मॉड्यूल, बटणं, स्पीकर, सगळं सीताबर्डीतून, २,६०० रुपये. टिटवीचं बटण दाबलं की तांबट, तांबटाचं दाबलं की धनेश. भाच्याने सगळ्या तारा उलट्यासुलट्या तपासल्या, दोन संध्याकाळी गेल्या. तारा बरोबर होत्या. ते मॉड्यूल फाइलच्या नावावरून क्रम धरत नाही, कार्डावर जी फाइल आधी चढली ती पहिली. कार्ड पुसून, एकेक फाइल क्रमाने हाताने चढवली आणि प्रश्न मिटला. मधे एखादी काढून दुसरी घातली तर पुन्हा सगळं पुसून नव्याने.

५ ऑक्टोबर

आवाजांत दोन पक्ष्यांबद्दल जास्त लिहिते.

एक रानपिंगळा. हाताने तो साध्या पिंगळ्यापासून वेगळा काढणं मुश्कील, आकार जवळपास तोच, २३ सेंमी. बाईंच्या नियमाने स्पर्शाच्या पेटीतून बाद. पण आवाज वेगळा, म्हणून इथे आला. त्याची गोष्ट मुलांना फार आवडली: १८७२ साली पहिल्यांदा मिळाला, १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कुणाला मिळाला नाही. १९१४ सालचा म्हणून एक नमुना होता, तो रिचर्ड मायनर्टझ्हागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या खोट्या पत्त्यामुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि सोबत्यांना शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत दिसला. आज मेळघाटात त्याची चांगली वस्ती आहे, आपल्यापासून रात्रीच्या बसने जाता येईल एवढ्या अंतरावर. "चोर सापडला का मंग?" असा प्रश्न आला. चोर १९६७ सालीच वारला होता, हे ऐकून मुलं नाराज झाली.

दुसरी पाकोळी. वेंगुर्ल्याजवळ समुद्रातल्या खडकांच्या गुहांमध्ये भारतीय पाकोळ्या राहतात. मिट्ट अंधारात त्या टक्-टक् असा आवाज काढतात आणि भिंतीवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. वटवाघळांचे तसले आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत, पाकोळ्यांचे येतात. मी तुकडा वाजवला आणि समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच मागच्या बाकावरून एकाने जिभेने तसाच टक्-टक् आवाज काढला. "मी पण असंच करतो, जिन्यात." मग सगळ्या वर्गाने. पुढची दहा मिनिटं मला कुणी बोलू दिलं नाही. कपाट कुठे आहे, दार उघडं आहे की लागलेलं, हे ते एकमेकांना विचारत आणि ओळखत होते. बाईंनी नंतर सांगितलं, की हा आवाज काढू नकोस, वाईट दिसतं, म्हणून त्या मुलाला घरून बोलणी बसतात. पाकोळीचं बटण बाईंनी पहिल्या नंबरवर घ्यायला लावलं. म्हणजे कार्ड पुन्हा पुसून सगळ्या फाइली नव्याने!

अंदमानातल्या पाकोळीचं लाळेचं घरटं पांढऱ्या गोंदाचे थर फुग्यावर चढवून केलं. दमट हवेत ते परत चिकट होतं. वर वार्निशचा हात दिल्यावर थांबलं.

एक सूचना: आवाजाची पेटी खोलीबाहेर नेऊ नका. मैदानात वाजवली तर खरे पक्षी हद्दीत दुसरा शिरला समजून अस्वस्थ होतात. आम्ही तारेची लांबीच तेवढी ठेवलीय.

८ नोव्हेंबर

पक्षी सप्ताह चालू. संच ५ तारखेला मांडला. दुसऱ्या दोन शाळांतली डोळस मुलं पण येऊन गेली. ती आधी बघतात, मग उचलतात आणि फुलटोच्याला फसतात. आमची मुलं त्यांना शिकवतात, बऱ्यापैकी तोऱ्यात.

आज सगळ्यांत जास्त गर्दी अमूर ससाण्याच्या पिशवीपाशी होती. दीडशे ग्रॅमचा हा पक्षी ईशान्य आशियातून निघून नागालँडमध्ये उतरतो, तिथून भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातो. २०१२ साली दोयांग धरणाजवळ जाळी लावून ते हजारोंनी मारले जात होते. गावकऱ्यांनीच ठरवून पुढच्या वर्षी शिकार बंद केली. आत्ता, या आठवड्यात, ते तिथेच असतात. एका मुलीने पिशवी हातात घेऊन विचारलं, "मंग याच्यात पेट्रोल कुठे राह्यते?" आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. चरबी, असं उत्तर दिलं, पण पिशवीत ती दाखवलेलीच नाही. निघण्याआधी पक्ष्याचं वजन खाऊन खाऊन बरंच वाढतं. पुढच्या आवृत्तीत दोन ससाणे हवेत, एक उपाशी आणि एक भरलेला.

मेगापोडचा ढीग थंडीने निवायला लागलाय.

२३ नोव्हेंबर

मोडतोड: पाणचिऱ्याची नवी खालची चोच तिसऱ्याच दिवशी तुटली. लगदा इतक्या पातळ आणि लांब पट्टीला टिकत नाही. आता सुताराकडून सागाची करून घेतली, १५० रुपये, आणि टोक जरा बोथट ठेवलं. उचाट्याचीही तशीच करायची. माळढोकाचा पट्टा उसवला होता, दुहेरी शिवण आणि खाली रेक्झिनचा तुकडा लावला. आता त्याला बसूनच मांडीवर घ्यायचं, उचलायचं नाही, असा बाईंचा हुकूम आहे. तराजूतली दोन नाणी नाहीशी झाली, तिथे लोखंडी चकत्या बांधून टाकल्या.

एकूण खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास, त्यात वाया गेलेल्या मालाचे दोन हजार तरी असतील. माझी शिवणकामाची मजुरी धरलेली नाही.

कुणी हे करायला घेणार असेल तर: एप्रिलऐवजी जूनमध्ये सुरू करा, रेती वाळवून घ्या, मूर्तिकाराला गणपतीनंतर गाठा. पक्ष्यांचे कापडी नमुने कापायचे कागद माझ्याकडे आहेत, मापांपुढे 'क' आणि 'पि' लिहिलेले. अमरावतीच्या एका शाळेतून विचारणा झालीय. त्यांना मेळघाट जवळ, म्हणून त्यांच्या संचात रानपिंगळ्याचं अंगही करायचं आहे. पायांवर दाट पिसं, नख्या आणि डोकं पिंगळ्यापेक्षा थोराड, एवढा फरक मखमलीने बोटांना कळेल का, ते पुढच्या आठवड्यात दोन्ही घुबडं शेजारी ठेवून बाईंना विचारायचं.